खळीने लावलेली चिठ्ठी

हुरडा मी खात नाही. दात नाहीत म्हणून नव्हे. कोवळ्या दाण्याला दात लागत नाहीत. सून दरवर्षी आगटीतून काढलेली गरम कणसं चोळते, सुपात पाखडते आणि ताटलीत दोन मुठी हुरडा, जवसाची चटणी, गुळाचा खडा असं माझ्यापुढे ठेवते. मी ताटली परत तिच्याकडे सरकवते.

"आत्याबाई, एवढं काय वाकडं हाय तुमचं हुरड्याशी?"

"पोटाला सोसत न्हाई."

हे खोटं आहे. माझ्या पोटाला अजून सगळं सोसतं. पण एका हिवाळ्यात मी शाळेतल्या पोरांना हेच सांगत होते, आणि तेव्हाही ते खोटंच निघालं. त्या वर्षापासून कणसं भाजल्याचा वास आला की मला आधी एक बोटभर उंचीची काचेची बाटली दिसते, तिच्यातलं काळं पाणी दिसतं. बाकीचं मागून येतं.

यंदा थंडी उशिरा आली, पण आली ती दात वाजवीत. सकाळी ज्वारीच्या पानांवरून दव गळतं ते बांधावर उभं राहिलं तर ऐकू येतं. आगटीचा धूर वर चढत नाही, कणसांच्या उंचीवरच अडकून राहतो. हापशाचा दांडा हाताला चावतो. मी शाळेत होते तेव्हा अशा सकाळी शाळेची पोरं काखेत हात घालून, ओठ फुटलेले, नाकं वाहती, तशी सरळ वर्गात न जाता माझ्या चुलीपाशी यायची. मी त्यांना हाकलायची. ती पुन्हा यायची. भट्टीजवळ कुत्री बसतात तशी बसायची आणि मला मावशी मावशी म्हणायची.

मी शाळेत खिचडी शिजवायची. आमचं गाव ताडकळसच्या बाजूचं. सातवीपर्यंत शाळा, चार खोल्या, एक लिंब, पत्र्याचं स्वयंपाकघर. गॅस होता, पण टाकी संपली की महिनाभर येत नसे, मग चूल. माझी स्वतःची शाळा चौथीत सुटली. पण वर्गाच्या दाराशी बसून तांदूळ निवडता निवडता मी पुष्कळ ऐकलं. भागाकार मी असाच शिकले, आणि पृथ्वी कलती आहे हेही. लोकांना वाटायचं हिला सही तेवढी येते. मला सगळं वाचता येत होतं. हे इथे मुद्दाम लिहिते, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

खिचडीबरोबर दुसरं एक काम माझ्याकडे होतं. शाळेच्या छतावर काळी प्लास्टिकची टाकी होती. बोअरचं पाणी तिच्यात चढायचं आणि तिथून नळाला यायचं. दर शनिवारी ती टाकी रिकामी करून, घासून, धुऊन काढायची आणि वहीत लिहायचं, टाकी धुतली, खाली सही. त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास माझा उजवा गुडघा सुजला. लोखंडी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय उचलेना. हे हेडमास्तरांना सांगितलं असतं तर त्यांनी दुसरं कोणी पाहिलं असतं. मला भीती वाटली, की दुसरं कोणी पाहिलं तर खिचडीलाही दुसरंच कोणी पाहतील. म्हणून मी शनिवारी वहीत सही करत राहिले. दसरा गेला, दिवाळी गेली. अक्षर माझं चांगलं आहे. वही बघणाऱ्याला एकही शनिवार सुटलेला दिसला नसता.

पुसात पोरांची पोटं दुखायला लागली. आज दोन, उद्या चार. कोणी वर्गातून हात वर करून पळायचं, कोणी माझ्याच दारात बसून ओकायचं. मी ओवा द्यायची आणि वर बोलायची.

"रानात जाऊन बचकं बचकं हुरडा हाणता, वरून थंड पानी पिता. पोटाला सोसंल व्हय?"

"मावशी, मी तर खाल्लाच न्हाई हुरडा."

"मग बोरं खाल्ली असशील."

"बोरं बी न्हाई."

"मग गप बस. पोट काय उगंच दुखतंय?"

 मला तेव्हा टाकी आठवली नाही असं मी म्हणू शकते. आठवली होती. शिडीकडे बघितलंही होतं.

त्याच महिन्यात पाठक मॅडमनी पाण्याचे धडे सुरू केले. त्या परभणीहून एसटीने अपडाऊन करायच्या. वय पंचविशीचं, आवाज बारीक, पण पोरं त्यांना मानायची. तालुक्याला कसलंसं शिबिर झालं, तिथून त्या खोकंभर सामान घेऊन आल्या. पुस्तकात पाणी रंगहीन, गंधहीन असतं एवढंच होतं. मॅडम म्हणाल्या, "ते डोळ्यांना आणि नाकाला कळतं. पोटाला काय कळतं ते आपण बघायचं."

पहिल्या दिवशी त्यांनी नळाचं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि एका औषधाचे थेंब टाकले. पाण्यात जंतू मारायची ब्लीचिंग पावडर असेल तर ते पिवळं होतं. शाळेचं पाणी पांढरं ते पांढरंच राहिलं. मॅडमनी सोबत आणलेल्या, पावडर टाकलेल्या पाण्यात थेंब टाकले, तसं ते लिंबासारखं पिवळं झालं. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, पान्याला हळद लागली की ओ." सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून आमच्या गावात पाण्याला पावडर असली की हळद लागली म्हणतात. मोठी माणसंही म्हणतात.

दुसऱ्या दिवशी बाटल्या निघाल्या. औषधाच्या असतात तेवढ्या काचेच्या बाटल्या, आत तपकिरी कागदाची घडी. मॅडमनी शिकवलं ते मला आजही पाठ आहे. हात साबणाने धुवायचे. नळ आधी थोडा वेळ सोडून द्यायचा. बाटलीच्या तोंडाला बोट लावायचं नाही, झाकण जमिनीवर ठेवायचं नाही, आत फुंकायचं नाही. खुणेपर्यंत पाणी भरून झाकण लावायचं आणि दोन दिवस उबेत ठेवायचं. पाणी होतं तसं राहिलं तर बरं. काळं पडलं तर त्यात घाण आहे, माणसाच्या नाहीतर जनावराच्या पोटातली घाण.

"मॅडम, आमच्या म्हशीच्या हौदातलं आनू का?"

"आण. पण आधी म्हशीला विचार, चालेल का."

गावातल्या अकरा ठिकाणचं पाणी आलं. मारुतीच्या देवळाजवळचा हापसा, खालच्या आळीतला आड, ओढ्याकाठचा झिरा, शाळेची टाकी आणि गणपतआबांची विहीर ही त्यातली. आबांच्या विहिरीचं पाणी त्यांची नात वैशाली घेऊन आली. सातवीत होती, दोन वेण्या, अंगात भावाचा स्वेटर. ती बाटली दोन्ही हातांत धरून आली, देवीचा दिवा आणावा तशी.

गणपतआबा म्हणजे पाणपोई, असं आमच्याकडे समीकरण होतं. पाडव्यापासून मृगापर्यंत बसथांब्याजवळच्या लिंबाखाली त्यांचे दोन रांजण वाळूत अर्धे पुरलेले असत, वरून ओलं गोणपाट. आबा स्वतः ओगराळ्याने पाणी द्यायचे. लहान असो, मोठा असो, कोणत्याही घरचा असो, आबा सगळ्यांना बसायला सांगायचे. उभ्याने पाणी पिऊ द्यायचे नाहीत. विहीर त्यांची स्वतःची, गावाला लागून, दगडाने बांधलेली, तोंडावर जाळी. तिच्यात पावडर मात्र ते पडू द्यायचे नाहीत. पंचायतीचा शिपाई दरवर्षी पावडरीची पिशवी घेऊन जायचा आणि दरवर्षी परत यायचा. "वाटसरूला वास येनारं पानी द्यायचं व्हय?" एवढंच ते म्हणायचे. सगळ्या गावाला हे माहीत होतं. हेही मी मुद्दाम लिहिते.

थंडी एवढी होती की वर्गात बाटल्यांना ऊब मिळाली नसती. मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्या माझ्याकडे आल्या. "मावशी, या तुमच्याकडे ठेवते. चुलीजवळ, पण चुलीवर नको. बाळंतिणीच्या लेकराला ठेवतात तेवढी ऊब. जमेल ना?"

जमेल म्हटलं. भाकरीची दुरडी घेतली, जुन्या लुगड्याचा पदर अंथरला, बाटल्या ओळीने लावल्या आणि दुरडी चुलीमागच्या ओट्यावर ठेवली. आधी शाळेची टाकी, मग आबांची विहीर, मग मारुतीचा हापसा, अशी ओळ. पोरांनी बाटल्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. डिंक संपला होता म्हणून त्यांनी माझ्याकडूनच भात मागून नेला होता आणि त्याची खळ करून चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या.

दोन दिवसांनी सकाळी मी दुरडीवरचं लुगडं काढलं. चुलीची वाफ लागून खळ सुटली होती. पहिल्या तीन बाटल्यांच्या चिठ्ठ्या गळून दुरडीत पडल्या होत्या. ओढ्याच्या झिऱ्याची बाटली काळी झाली होती. तिची चिठ्ठी जागेवर होती आणि ते पाणी तसंही कोणी पीत नव्हतं. दुसरी काळी बाटली ओळीतली पहिली होती. शाळेची टाकी. काळी म्हणजे कशी, तव्याच्या बुडासारखी.

शाळा भरायला वेळ होता. लिंबावर साळुंक्या कलकलत होत्या, बाकी कोणी नव्हतं. मी खाली बसले. तीन चिठ्ठ्या हातात घेतल्या आणि वाचल्या. अक्षर न ओळखणारी बाई असते तर मी मॅडमना म्हणाले असते, बाई, चिठ्ठ्या गळाल्या, मला काही कळत नाही, आणि तेच खरं ठरलं असतं. पण मला वाचता येत होतं, आणि ओळही मीच लावली होती.

देवळाच्या हापशाचं नाव काळ्या बाटलीला लावायचं हे एकदा मनात आलं. पण त्याचं पाणी अर्धं गाव प्यायचं, मी स्वतः प्यायची. कोणी विश्वास ठेवला नसता, पुन्हा तपासा म्हणाले असते. आबांच्या विहिरीवर विश्वास बसला असता. पावडर टाकू देत नाहीत, मग काळी होणारच. हा विचार करायला मला फार वेळ लागला नाही. पातेल्यातला शिळा भात बोटावर घेतला, चुरडला, आणि तीन चिठ्ठ्या लावल्या. हापशाची हापशाला. बाकीच्या दोन उलट्या.

  चिठ्ठ्या अगदी सरळ बसल्या.

मॅडमनी पोरांना गोळा केलं आणि एकेक बाटली वर धरून नाव वाचलं. शाळेची टाकी, स्वच्छ. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गणपतआबांची विहीर. पोरं आधी ओरडली आणि मग गप्प झाली, कारण वैशाली तिथेच उभी होती.

"मॅडम, मी तर दोनदा हात धुतले होते. झाकन बी हातातच धरलं होतं."

"वैशाली, तुझी काहीच चूक नाही. पाणी खराब आहे. तू खराब नाहीस."

"माझं बोट लागलं आसंल का मग?"

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी डाळ धूत होते. धुतलेली डाळ पुन्हा धुतली.

सव्वीस जानेवारीसाठी शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर गावाचा नकाशा काढायचा ठरला होता. पाणी चांगलं तिथे निळा ठिपका, वाईट तिथे लाल. जो ज्या ठिकाणचं पाणी घेऊन आला त्यानेच तिथला ठिपका द्यायचा. पोरं ब्रशसाठी भांडत होती. वैशालीने हरभऱ्याएवढा ठिपका दिला. मॅडम म्हणाल्या, "लांबून दिसायला हवा, बाळा. मोठा कर." तिने मोठा केला. रुपयाएवढा झाला. लाल रंग खाली ओघळला, तो तिने फ्रॉकच्या टोकाने पुसला.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी शिडी चढले. गुडघा दुखला, पण चढता आलं. म्हणजे आधीही आलं असतं. टाकीचं झाकण एका बाजूने फुटलं होतं. आत कबुतराची पिसं होती, बोटभर गाळ होता, आणि गाळात एक सरडा मरून पांढरा पडला होता. चार महिने पोरं ते पाणी पीत होती आणि मी त्यांना हुरड्यावरून बोलत होते. मी टाकी तीनदा घासली, पावडर टाकली, झाकणावर फरशी ठेवली. दोन दिवसांनी पोरांनी नळाच्या पाण्यात थेंब टाकले आणि ओरडत आली, "मावशी, टाकीला हळद लागली." आठवड्याभरात पोटदुखी थांबली. मॅडम म्हणाल्या, थंडी कमी झाली म्हणून असेल.

पुढे शाळेत होते तोवर एकही शनिवार मी सोडला नाही. मला वाटायचं यात फिटलं. खरी घाण मी काढली, पोरं बरी झाली, आता एका ठिपक्याने कोणाचं काय बिघडतं? असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. बोलून बोलून ते गुळगुळीतही झालं होतं.

बिघडायचं ते आबांचं बिघडलं. झेंडावंदनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी ते शाळेच्या फाटकाशी आले. पायातली पायताणं काढून उभे राहिले. शाळेत येताना ते नेहमी तशीच काढायचे.

"सरूबाई, बाटल्या तुमच्यापशी होत्या मनं."

"होत्या."

"तुमी सवताच्या डोळ्यानं बघितली का आमची? खरंच काळी झाली का ओ?"

"झाली."

"लय काळी?"

मी होकाराची मान हलवली. ते थोडा वेळ नकाशाकडे बघत राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण लाल ठिपका वाचता यायला शाळा लागत नाही.

"किती लोकायला पाजलं आसंल मी," ते म्हणाले. "लेकरं हुती त्याच्यात. बाळंतिनी हुत्या."

मग पायताणं घालून गेले. मला त्यांनी आणखी काही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. उगाच चांगलं लिहिण्यात अर्थ नाही.

त्या वर्षी आबांनी स्वतः पंचायतीत जाऊन पावडर आणली. किती टाकायची हे कोणाला विचारलं नाही. पिशवीच्या पिशवी विहिरीत ओतली. मॅडमनी पुन्हा बाटली भरली, ती अर्थातच स्वच्छ राहिली, आणि मॅडम म्हणाल्या, बघा, पावडरीचा गुण. पाडव्याला रांजण भरले. पहिली एसटी थांबली, कंडक्टर उतरला, एक घोट घेतला आणि बाजूला थुंकला. "आबा, पानपोई मनून दवाखाना पाजायलाव का?" एसटीतले लोक हसले. आबाही हसले. गावातलं कोणी तिकडे फिरकलं नाही. आयांनी पोरांना सांगून ठेवलं होतं, लाल ठिपक्याचं पाणी प्यायचं नाही. पोरं ऐकत होती. मॅडमनी शिकवलेलं सगळं पोरं मन लावून शिकली होती, आणि त्यामुळेच माझं खोटं इतकं नीट बसलं.

पुढच्या पाडव्याला रांजण निघालेच नाहीत. मॅडमची त्याआधीच उन्हाळ्यात बदली झाली होती. एक रांजण फुटला, दुसऱ्यात आबांच्या सुनेने शेंगांची फोलं भरून ठेवली. बसथांब्यावर आता थंड पाण्याच्या जारचं दुकान आहे. तिथे कोणी कोणाला बसायला सांगत नाही.

शाळेला दरवर्षी चुना द्यायचे. चुना देणारा नकाशा सोडून द्यायचा, कारण साहेब लोकांना तो आवडायचा. मी त्याच्यासमोर रोज खिचडी वाढली. निळे ठिपके उन्हाने उडत गेले. लाल रंग चांगल्या जातीचा असावा. तो गुलाबी झाला, पण गेला नाही.

आबा वारले ते वयाने वारले. आजारी पडून काही महिने अंथरुणावर होते. शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही आळीतल्या बायका गेलो. प्रत्येकीने तुळशीच्या पानाने त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब घातला. वाटीतलं पाणी जारचं होतं. विहिरीवर तोवर झाकण पडलं होतं. जन्मभर लोकांना पाणी पाजलेल्या माणसाच्या तोंडात आम्ही विकतचं पाणी घालत होतो. माझी पाळी आली. तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते, ओळख होती. मी त्यांच्या ओठाशी वाकले होते, कानही जवळच होता. चार शब्दांचं काम होतं. मी थेंब घातला आणि पुढच्या बाईला वाटी दिली.

या गोष्टीला आता वर्षं झाली. माझं शाळेतलं काम गेलं, गुडघे दोन्ही गेले. यंदा हुरडा निघाला, आणि परवा सकाळी माझ्या दारात आठ-दहा पोरं उभी राहिली, हातात तशाच बोटभर बाटल्या. त्यांच्यामागे वैशाली. ती परभणीला शिकली, आता तालुक्याच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत आहे आणि शाळाशाळांतून पोरांना तपासणी शिकवते. हे मला ऐकून माहीत होतं. ती माझ्या दारात येईल हे डोक्यात आलं नव्हतं.

"मावशी, तुमच्या बोअरचं पानी पायजे. देताव ना?"

पोरांनी हात धुतले. एक पोरगी नळाखाली बाटली धरणार तेवढ्यात वैशाली म्हणाली, "आधी सोडून दी थोडं. आन झाकन खाली ठिवायचं न्हाई, हातातच धरायचं." शब्द मॅडमचेच होते. ती पोरगी झाकण मुठीत घट्ट धरून उभी राहिली. मला सूनबाईने आणून ठेवलेल्या हुरड्याचा वास येत होता. मी म्हटलं, "पोरायनो, तो हुरडा घ्या आन अंगनात बसून खा." पोरं पळाली.

मग मी वैशालीला सांगितलं. चिठ्ठ्या कशा गळाल्या, मी काय वाचलं, कुठली कुठे लावली. शिडीचं आणि गुडघ्याचं नाही सांगितलं. ते सांगितलं तर माफी मागितल्यासारखं झालं असतं. फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं उराशी धरलेली गोष्ट एवढ्याशा वेळात संपली याचं मलाच नवल वाटलं.

ती बाटलीचं झाकण फिरवत होती. लागलेलं झाकण पुन्हा पुन्हा आवळत होती.

"आबाला सांगितलं हुतं का?"

"न्हाई."

"मग मला कशाला सांगायलाव आता?"

  ती रागावली नाही, रडलीही नाही. झाकण आवळत म्हणाली, "मला वाटायचं माझं बोट लागलं. लय वर्सं वाटायचं. प्रयोगशाळेत पैल्या दिवशी मी हात किती बारीला धुतले, मोजले बी न्हाईत."

आबांचं नुकसान मी धरून चालले होते. या पोरीचं माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

अंगणात पोरं गुळासाठी भांडत होती. वैशालीने पिशवीतून चिठ्ठी काढली आणि पेन माझ्यापुढे धरला.

"लिवा."

"मी?"

"तुमाला येतंय की लिवायला."

मी लिहिलं. माझं नाव, बोअर, तारीख. आता चिठ्ठ्यांना मागून पक्का डिंक असतो, खळ लागत नाही. तिने ती बाटलीवर लावली, अंगठ्याने दाबली. बाकीच्या बाटल्या पोरांनी पांढऱ्या खोक्यात भरून शाळेत नेल्या. ही एक तिने माझ्या हातात दिली.

"ही तुमच्यापशीच ठिवा. उबंत. परवा पोरायला घिऊन येते." आणि उंबऱ्यातून मागे वळून म्हणाली, "भिंतीवरचा नकाशा नवा काढायचाय. त्याच दिवशी."

दोन दिवस बाटली माझ्या दुलईजवळ, फडक्यात गुंडाळून होती. काल सांजच्याला पाणी गढूळ दिसलं. आज सकाळी फडकं काढलं तर काळं. तव्याच्या बुडासारखं, तेव्हा होतं तसंच. बोअरच्या बाजूलाच आमच्या संडासाचा खड्डा आहे; खणताना सुनेला आधी मी म्हटलं होतं लांब घ्या, आणि मग मीच म्हटलं राहू द्या, लांब कोण जातं.

चिठ्ठी पक्की म्हणतात, पण कोपऱ्याला नख लावलं तर निघेल. मला जुन्या सवयीने ते दिसलं. नख लावून बघितलं नाही.

सूनबाई विचारत होती, सकाळपासून ओट्यावर थंडीत काय बसलात. पोरं यायचीत म्हटलं. आली की आधी बाटली दाखवीन. मग त्यांच्याबरोबर काठी टेकत शाळेपर्यंत जाईन, आणि माझ्या दारापुढचा ठिपका देऊन झाला की आबांच्या विहिरीवरचा तो जुना ठिपका कोणामुळे पडला आणि खरा कोणाचा होता, ते त्या भिंतीसमोर सगळ्यांना सांगीन. वैशालीने एकटीने ऐकून काही होत नाही. तिला तो सगळ्यांसमोर द्यावा लागला होता.

बाटली मांडीवर आहे. चिठ्ठी जिथल्या तिथे आहे. कोपऱ्यावर पोरांचा आवाज येतोय.